गॅलरीचं लोखंड

३ जानेवारी

प्रिय ढब्बू,

एकसष्टाव्या वर्षी तुला या नावाने हाक मारतेय म्हणून तुझी बायको हसेल. हसू दे. पत्र लिहितेय कारण फोनवर तू दोन मिनिटांत "ताई, थांब, हिच्याशी बोल" म्हणतोस आणि गायब होतोस. नऊ महिने हेच चाललंय. पत्र तरी तुलाच वाचावं लागेल.

माझं ठीक आहे. भूक लागते, झोप लागते. बाकी काही लागत नाही. लोक येतात, डोळे पुसतात, मी त्यांना चहा देते. परवा शेजारच्या बाई म्हणाल्या, "तुम्ही फार धीराच्या." धीर कसला! दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल कसा होतो, तशी आहे मी सगळी.

आता कामाचं बोलते. लेकीची बदली झाली. मेच्या अखेरीपासून तिचं ऑफिस इथेच. जावई पंधरा दिवसांनी येऊन-जाऊन राहील. ती आणि नात माझ्याकडे, वरच्या मजल्यावर राहायला यायचं म्हणतायत. पण लेकीने स्पष्ट सांगितलंय, वरची गॅलरी पक्की झाल्याशिवाय दोन वर्षांच्या मुलीला घेऊन मी त्या घरात पाऊल ठेवणार नाही. तिचं काय चुकलं? तिचे बाबा रोजच्यासारखे सकाळी खुर्ची टाकून पेपर वाचत बसले होते आणि गॅलरीसकट खाली आले.

तुला घर पाठ आहे. जिना बाहेरून, तो चढतो गॅलरीवर, आणि गॅलरीतून वरचं दार. अर्धी गॅलरी गेली, अर्धी लटकतेय. जिन्याच्या तोंडाशी मी कपडे वाळत घालायची दोरी आडवी बांधून ठेवलीय. तेव्हापासून वर कुणी गेलेलं नाही.

काम वेळेत झालं नाही तर लेक ऑफिसजवळ भाड्याने घर घेणार. एकदा तिकडे बस्तान बसलं की इकडे कशाला येतेय. मग या घरात मी आणि पंखे. हे लिहिताना मला काही होत नाहीये, पण व्हायला हवं एवढं कळतं.

म्हणून मला माणूस निवडायला मदत कर. तीस वर्षं तू साइटवर सुपरवायझर होतास. ठेकेदाराची पारख कशी करायची ते लहान मुलाला सांगतात तसं लिहून पाठव. मागच्या वेळी बांधकामावर लक्ष द्यायला तू होतास, तरी त्या मिस्त्रीने घात केला. या वेळी मला स्वतःला शिकायचंय.

तुझी,
ताई


११ जानेवारी

ताई,

गुडघ्याने उचल खाल्ली आहे म्हणून उत्तराला उशीर झाला.

ठेकेदाराचं नवं काम बघू नकोस. नवं काम सगळ्यांचंच छान दिसतं. तीन पावसाळे खाल्लेलं काम बघ, आणि तो बरोबर नसताना जा. घरातल्या पुरुषाला विचारू नकोस, तो "एकदम फर्स्ट क्लास" म्हणून मोकळा होतो. बाईला विचार. नळ कुठे गळतो ते तिला माहीत असतं. बाथरूममध्ये तांब्याभर पाणी ओत. जाळीकडे गेलं तर ठीक, कोपऱ्यात जाऊन बसलं तर माणूस सोड. दारं-खिडक्या उघडून मिटून बघ. मग विचार की काम चालू असताना हा स्वतः यायचा, की फोनवरच कारभार? आणि काम संपल्यावर काही बिघडलं, बोलावलं, तर आला का? तिथे माणूस कळतो. फार गोड बोलायला लागला तर दोन पावलं मागे सर.

एक सुचवू का? गॅलरीच्या फंदात पडूच नकोस. लटकतंय ते भिंतीपाशी कापायचं, तुकडे त्याच दिवशी गाडीत भरून लांब टाकायचे आणि लोखंडी जिना सरळ दाराला भिडवायचा. आठवड्याचं काम. जुनं उकरत बसलं की कामं लांबतात.

आणि त्या मिस्त्रीचा विषय काढू नकोस. माझं डोकं फिरतं.

जपून राहा.

ढब्बू


२९ जानेवारी

प्रिय ढब्बू,

लोखंडी जिना नको. दोन वर्षांची पोर आहे, उभ्या शिडीवर चढवू का तिला? लेकीनेही फोनवर ते ऐकून नुसतं "आई!" म्हटलं.

दोन ठेकेदार बघितले. पहिला घरात शिरताच "मावशी, तुमच्यात मला माझी आई दिसते" म्हणाला. मी तुझं वाक्य आठवून दोन पावलं मागे सरले, तर पाठ फ्रिजला लागली. त्याने तीन पत्ते दिले. पहिल्या घरी मी तांब्या ओतला, पाणी थेट कोपऱ्यात. तिथली बाई म्हणाली, "आमच्याकडे ते तसंच असतं." मग बोलता बोलता कळलं की ती त्याची सख्खी मेहुणी. दुसऱ्या पत्त्यावर कुलूप. तिसऱ्या पत्त्यावर मोकळा प्लॉट! फोन करून विचारलं तर म्हणतो, "मावशी, तिथे आपलं काम होणार आहे." हे आधी घडलं असतं तर मी आणि हे पोट धरून हसलो असतो. मला कळलं की हे हसण्यासारखं आहे, म्हणून तुला लिहिलं.

दुसरा अगदी घुमा. आला, लटकत्या गॅलरीखाली मान वर करून पाच मिनिटं उभा राहिला. म्हणाला, "हे फोडून आतलं लोखंड बघायला लागेल. का पडली ते कळल्याशिवाय मी नवी बांधत नाही." बस्स, एवढंच. त्याची दोन घरं बघितली, पाच-पाच वर्षांची. पाणी जाळीत गेलं. एका घरच्या बाईंची तक्रार एवढीच की तो चहाला हो-नाही काही म्हणत नाही, कप गार होऊन जातो. तुमच्याकडे काय काम आहे, असं या बायका विचारतात. मी सांगते, गॅलरी पडली, त्यात आमचे हे गेले. मग त्या उठून पाणी आणून देतात. या महिन्यात मी फार पाणी प्यायले.

घुमा मला आवडला असं म्हणत नाही, सध्या काही आवडत नाही. पण नको असंही वाटलं नाही. तुझं काय म्हणणं?

ताई


६ फेब्रुवारी

ताई,

दुसरा अजिबात नको. असली माणसं आधी फोडतात, मग म्हणतात भिंतही गेली, पायाही गेला. कामाला काम वाढवतात. गॅलरी का पडली यात बघायचं काय आहे? मिस्त्रीने सिमेंट खाल्लं, अकरा वर्षं पाणी मुरलं, पडली. सगळ्या जगाला माहीत आहे.

मला विचारशील तर पहिला घे. बोलबच्चन असला तरी सांगू तेवढंच करेल. त्याला आवरता येतं. घुम्याला आज-उद्याच नाही कळवून टाक.

ढब्बू


२२ फेब्रुवारी

प्रिय ढब्बू,

घुम्याला तुझ्या सांगण्यावरून नकार कळवला. तो फक्त "बरं" म्हणाला. पहिल्याला मात्र मी बोलावलं नाही. मोकळ्या प्लॉटवर काम दाखवणाऱ्याच्या हातात माझ्याने नात देववत नाही. तूच लिहिलं होतंस की पाणी कोपऱ्यात बसलं तर माणूस सोड, आणि तूच म्हणतोस घे. गुडघ्याची गोळी फार कडक आहे का रे?

आता तिसरी ऐक. हो, बाई आहे. चाळिशीची, स्कूटरवर येते, कमरेला टेप. नवरा ठेकेदारी करायचा, तो अंथरुणाला खिळल्यावर हिने धंदा हातात घेतला, त्याला बारा वर्षं झाली. मी तिला टेपवाली म्हणते. तिने पत्ते दिले ते अजब. म्हणाली, "काकू, चार घरं चांगली आहेत, ती नंतर बघा. आधी या पाचव्या घरी जा, तिथे माझं चुकलं होतं." गेले. एक निवृत्त शिक्षिका राहतात. म्हणाल्या, "गच्ची गळली. तिला कळवलं, तर दुसऱ्या दिवशी दारात हजर. सगळं उखडून पुन्हा केलं, आणि वरून मलाच म्हणते, तुम्ही आधी का नाही सांगितलं!" त्यांनी मला गच्चीवर नेऊन दाखवलं. एक डाग नाही.

टेपवालीसुद्धा गॅलरीचं लोखंड बघायचं म्हणते. शिडी लावून तुटलेल्या कडेचे फोटो काढले, मग खाली उतरली. मला विचारलं, "हा स्लॅब भरला तेव्हा वर कोण होतं बघायला?" मी म्हटलं, माझा सख्खा भाऊ, तीस वर्षं सुपरवायझर, चार दिवस रजा काढून आला होता. ती "अच्छा" म्हणाली आणि टेप गुंडाळत बसली. ती टेप आधीच गुंडाळलेली होती.

काम हिला द्यावं असं मनात आहे. लेकीलाही पसंत आहे.

ताई


२८ फेब्रुवारी

ताई,

घाई करू नकोस. त्या बाईला काही फोडू देऊ नकोस. मी स्वतः येतो, बघतो, मग ठरवू. या आठवड्यात नाही जमणार, पुढच्याही नाही, पण येतो. स्लॅबचं काम बाईमाणसाचं नाही. स्वतःचं चुकलं म्हणून पत्ते वाटत फिरणारी ठेकेदार मी जन्मात पाहिली नाही, हे सगळं गिऱ्हाईक पटवायचं नाटक आहे.

मी येईपर्यंत थांब. माझी शपथ आहे.

ढब्बू


१६ मार्च

ढब्बू,

अकरा दिवस थांबले. तू आला नाहीस. बाराव्या दिवशी टेपवालीला काम दिलं आणि गुरुवारी तिने लटकती गॅलरी फोडली.

मला तिने खाली अंगणात खुर्ची दिली होती, पण मी शेजारच्या गच्चीवरून बघितलं. फुटलेल्या तुकड्यात तिने मला सळ्या दाखवल्या. तिने सांगितलं ते मला समजलं तसं लिहिते. अशा गॅलरीला खाली खांब नसतो, ती भिंतीतून बाहेर काढलेली असते. भाराने तिची वरची बाजू ताणली जाते, म्हणून सळ्या वरच्या अंगाला असाव्या लागतात. आपल्या गॅलरीच्या सळ्या तळाला होत्या. सगळ्या. सिमेंट चांगलं होतं, ती म्हणाली, हातोडा उडतोय बघा. पाणीबिणी काही मुरलं नव्हतं. "एवढी वर्षं उभी राहिली हेच नवल, काकू."

मी घरी येऊन तुझी पत्रं पुन्हा वाचली. जो जो आतलं लोखंड बघतो म्हणाला, त्याला तू नको म्हणालास. जो काही बघणार नव्हता, तो तुला चालत होता.

काल मी मिस्त्रीकडे गेले. त्याने काम सोडलंय. सोडलंय म्हणजे सुटलं. तू आपल्या फाटकाशी चार लोकांसमोर त्याची कॉलर धरून "खुनी" म्हणालास, त्यानंतर त्याला कुणी उभं केलं नाही. आता एका भांड्यांच्या दुकानाबाहेर स्टुलावर राखणीला बसतो. मला बघून उभा राहिला. म्हणाला, "बाई, सळ्या मी वरच बांधल्या होत्या. काँक्रीटच्या पाट्या घेऊन माणसं त्यांच्यावरूनच चालली, दाबून खाली गेल्या. माझंही चुकलं, मी पलीकडच्या टोकाला होतो. पण मला शंका आली, म्हणून साहेबांना हाक मारली, म्हटलं एकदा वर येऊन बघा, मग पुढचं भरतो. साहेब खालूनच म्हणाले, बघितलंय, भरा." मी विचारलं, हे आधी का नाही बोललास? तर म्हणाला, "बोलायलाच आलो होतो त्या दिवशी."

तो खोटं बोलत असेल. मला पारख नाही, मी आत्ता कुठे शिकतेय. म्हणून तुला विचारते. त्या दिवशी तू वर चढला होतास का?

ताई


४ एप्रिल

ताई,

नाही.

हे पत्र पाच वेळा फाडलं. हिला अजून काही सांगितलेलं नाही. हिला वाटतं मी तुला गॅलरीचे नकाशे काढून पाठवतोय.

सकाळी मी वर गेलो होतो, सळ्या जागेवर होत्या. पण सकाळी बघून भागत नाही. भरताना बघायचं असतं, शेवटची पाटी पडेपर्यंत. तीस वर्षं मी हाताखालच्यांना हेच सांगितलं. एकदा माल कालवायला सुरुवात झाली की माणसं थांबत नाहीत, धावत असतात, आणि पाय सळ्यांवरच पडतात.

मी जेवायला बसलो होतो. तू दोनदा हाक मारली होतीस, गार होतंय म्हणून. ही ओळ खोडतोय, वाचू नकोस. भाऊजी म्हणाले, "बस रे, करतील ते, तू काय त्यांना सिमेंट वाढणार आहेस का?" आम्ही हसलो. तेवढ्यात मिस्त्रीची हाक आली. माझ्या तोंडात घास होता. मी ओरडलो, बघितलंय, भरा. उठायचा कंटाळा आला, दुसरं काही नाही. गुडघा तेव्हा धडधाकट होता. आत्ताही फारसा दुखत नाही. तेही खोटंच लिहिलं.

भाऊजी गेल्याचा फोन आला तेव्हा मला पहिल्या क्षणी कळलं. तुझ्याकडे येताना सगळा प्रवास मी मनात एकच म्हणत होतो, कुणी लोखंड बघू नये. आणि मिस्त्री फाटकाशी दिसला तेव्हा तो बोलायच्या आत मी त्याची कॉलर धरली. मी रागावलो नव्हतो, ताई. मी घाबरलो होतो.

जानेवारीत तुझं पत्र आलं. "लक्ष द्यायला तू होतास" असं तू लिहिलंस. मला वाटलं तुला कळलंय आणि तू मला सावकाश सोलतेयस. प्रत्येक पत्राला मला तसंच वाटलं.

काम त्या बाईलाच दे. तिच्यासारखी माणसं धंद्यात मी दोन-तीनच पाहिली. मी येत नाही. कुठलं तोंड घेऊन येऊ? भाचीला काय सांगायचं ते तू ठरव.

ढब्बू


९ एप्रिल

ढब्बू,

तुझं पत्र मिळालं. खोडलेली ओळ वाचली. रेघ तू अशी मारलीस की नीट वाचता यावी.

हाक मी मारली होती, आठवतंय मला. आणि ती ओळ वाचल्यावर काय झालं सांगू? हातातला कप मी ओट्यावर आपटला, त्याचा कान तुटला. मग स्वयंपाकघरात उभी राहून मी तुला मोठमोठ्याने शिव्या दिल्या. नालायका, गधड्या, आईने तुला दिल्या नसतील अशा सगळ्या. शेजारच्या बाई धावत आल्या. त्यांना वाटलं, झालं, फुटलं हिला रडू एकदाचं. रडू नव्हतं रे. राग होता. वर्षभरात पहिल्यांदा मला काहीतरी आलं. ते माझं माणूस होतं, ढब्बू. तुला एक जिना चढायचा होता.

माफ केलं असं लिहिणार नाही, कारण केलेलं नाही. पुढे करेन का, तेही माहीत नाही. भाचीला काय सांगायचं ते मी का ठरवू? तिला तू सांगायचंस, समोर बसून.

आता कामाचं. नव्या गॅलरीचा स्लॅब एकवीस तारखेला भरायचा आहे. त्यानंतर टेपवाली चार आठवडे टेकू हलवणार नाही, म्हणजे लेकीच्या येण्याआधी काम उरकतंय. पण तिची एक रीत आहे. स्वतःच्या भरवशावर ती स्लॅब भरत नाही. धंद्याबाहेरचं, तिच्याकडून एक पै न घेणारं जाणतं माणूस पहिल्या पाटीपासून शेवटच्या पाटीपर्यंत वर उभं राहिलं पाहिजे, आणि भरताना सळ्या जागेवर होत्या असं त्याने सहीनिशी लिहून दिलं पाहिजे. नाहीतर काम पुढे ढकलते. कोण आहे असं, तिने विचारलं. मी तुझं नाव सांगितलं.

ती माझ्याकडे बघतच राहिली. तिला सगळं ठाऊक आहे, मीच सांगितलं. "काकू, नक्की?" मी म्हटलं, त्याच्याइतकं डोळ्यांत तेल घालून या सळ्यांकडे आता जगात दुसरं कुणी बघणार नाही.

तेव्हा वीस तारखेला निघ. आधी माझ्याकडे येऊ नकोस. भांड्यांच्या दुकानात जा, मिस्त्रीकडे. चार लोकांसमोर जे बोललास ते चार लोकांसमोर परत घे. दुपारी गर्दी असते, तेव्हाच जा. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला इथे ये. जेवायला मी हाक मारणार नाही. डबा आण आणि वरच उभ्याने खा.

तोंड नाही, गुडघा दुखतो, हे काही मला लिहू नकोस. ये, आणि लवकर ये. हा राग किती दिवस टिकेल सांगता येत नाही, आज सकाळी उठले तर कालच्याहून थोडा कमीच वाटला. तो सगळा ओसरला आणि मी पुन्हा पहिल्यासारखी झाले, तर तू आलास काय नि न आलास काय, मला सारखंच.

ताई